प्रभाग क्रमांक १४५

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांच्या नकाशात अंदमान हे कोलकात्याचं अलिबाग आहे. "तुम्ही काय बाई, तिथेच राहता! शनिवार-रविवार जाऊन येत असाल," असं पुण्याची आत्या दर दिवाळीला फोनवर म्हणते, आणि तिच्या डोळ्यांसमोर गेटवेवरून सुटणारी लाँच असते. तिला सांगितलं की इथल्या बंदरापासून पोर्ट ब्लेअर १,२५५ किलोमीटर आहे. चेन्नई त्याहून जवळ, १,१९०. विशाखापट्टणमसुद्धा जवळ, १,२००. म्हणजे ज्या तीन बंदरांतून अंदमानची प्रवासी जहाजं सुटतात, त्यांत सगळ्यात लांबचं आमचं. जहाजाला तीन-चार दिवस लागतात, विमानाला दोन तासांहून थोडा जास्त वेळ. आत्याने यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. "दोनच तास ना? मग झालं तर! आम्ही येतोच तुमच्याकडे, मिळून जाऊ."

मिळून जाण्याचा बेत आखायचा आणि जायचं नाही, ही आपली जुनी रीत याच शहराच्या दप्तरात नोंदलेली आहे. १७४२ साली मराठे येणार म्हणून घाबरलेल्या कलकत्त्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता, तीनेक मैल खणून झाला. बंगालच्या खेड्यापाड्यांत आमच्या स्वाऱ्यांनी जो धुमाकूळ घातला त्याची आठवण इथल्या आया अजून बाळांना झोपवताना काढतात, पण कलकत्त्यात मात्र मराठे पोचलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला, पुढे बुजवला गेला, त्यावरून सर्क्युलर रोड गेला. त्या रस्त्यावर बस अडकली की मला हटकून वाटतं, नागपूरकर भोसल्यांच्या छावणीतही कुणीतरी म्हणालं असणार, पुढच्या वर्षी नक्की.

यंदा मात्र मंडळी गंभीर आहेत. आतेभावाने एक्सेलची फाइल पाठवली आहे. तो आयटीत आहे; त्याच्या घरी लग्नाचा रुखवतसुद्धा एक्सेलमध्ये झाला. सहा रात्री, सात दिवस. रकाने असे: वेळ, ठिकाण, काय पाहायचे, अंदाजे खर्च, फोटो. पहाटे साडेतीनपासून रात्री नऊपर्यंत एकही चौकट रिकामी नाही. सेल्युलर जेल, लाइट अँड साउंड शो, रॉस बेट, नॉर्थ बे, चॅथमची लाकूड कापायची सॉ मिल, तीन म्युझियमं, बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा, मड व्होल्केनो, हॅवलॉक, नील. आणि चौथ्या दिवशी, पिवळ्या रंगात: 'राधानगर बीच, ५.३० ते ६.१५, सूर्यास्त + चहा.'

पंचेचाळीस मिनिटं. ज्या किनाऱ्याला 'टाइम' मासिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, ज्याच्यासाठी एवढा खर्च आणि एवढी यातायात, त्याला पंचेचाळीस मिनिटं, आणि त्यातली दहा चहाची.

मी विचारलं, किनाऱ्यावर जरा जास्त वेळ ठेवू या का? ग्रुपवर शांतता. मग वहिनींचा प्रश्न आला: "पण तिथे करायचं काय?"

प्रश्न वाजवी आहे. आपल्याकडे देवळात काय करायचं ते ठाऊक असतं, किल्ल्यावर काय करायचं ते ठाऊक असतं, धबधब्याखाली काय करू नये तेही पाटीवर लिहिलेलं असतं. किनाऱ्यावर नुसतं बसायचं म्हणजे भेळ लागते, आणि राधानगरला जुहूची भेळ नाही. मराठीत समुद्रकाठची म्हणून जी कविता सगळ्यांना पाठ आहे ती सावरकरांनी १९०९ साली इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिली, आणि तिच्यात समुद्राकडे एकच मागणं आहे, मला घरी पोचव. आमच्या ग्रुपचंही साधारण तेच म्हणणं आहे, फक्त अर्ध्या तासानंतर.

तर ही फाइल घेऊन मी गडियाहाटच्या एका गल्लीतल्या एजंटाकडे गेले. जिन्याखाली कार्यालय, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, कालीचं कॅलेंडर, आणि वर असा पंखा की कागदावर कायम हात ठेवून बसावं लागतं. त्याने फाइलचं प्रिंट घेतलं, एकदा वरून खाली बघितलं, आणि उलटं ठेवलं. पाठकोऱ्या बाजूवर बॉलपेनाने तीन वाटोळी काढली. मोठं, मधलं, लहान. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील. मग तारखा विचारायच्या आधी, माणसं किती ते विचारायच्या आधी, मान वर करून पहिला प्रश्न: "माछ खाबेन तो?"

मी म्हटलं, आम्ही निम्मे खाणारे, निम्मे नाही. त्याने लहान वाटोळ्याच्या बाजूला निम्मा मासा काढला, खरंच काढला, शेपटीकडचा. वर धीरही दिला. काळजी नको, तिकडे सगळं आपल्यासारखंच मिळतं. भात, डाळ, बेगुनभाजा, पोस्तो. गाडीवाला बंगालीच बोलतो. हॉटेलवाला आपला, बोटीवरचा पोरगा आपला. "मने होबे कोलकातातेई आछेन." कोलकात्यातच आहात असं वाटेल! ही त्याच्या लेखी जाहिरात होती.

आता गंमत बघा. महिनाभर घासाघीस करून, रजा मांडून, मावशीकडे कुंड्यांची सोय करून माणूस कोलकात्यातून निघतो कशाला? कोलकात्यातून सुटायला. आणि जातो कुठे? मी जसजशी माहिती काढत गेले तसतशी माझी खात्री होत गेली की अंदमान हे बेट वगैरे काही नाही. कोलकाता महापालिकेचे प्रभाग १४४ आहेत. हा १४५ वा.

पुरावे देते. अंदमान-निकोबारला स्वतःचं उच्च न्यायालय नाही. ते कलकत्ता उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत येतं आणि पोर्ट ब्लेअरला त्याचं सर्किट बेंच बसतं. म्हणजे हॅवलॉकला हॉटेलवाल्याशी भांडण झालं आणि ते फारच वर गेलं, तर शेवटी दाद आमच्या हायकोर्टाचीच. २०११ च्या जनगणनेत तिथली सगळ्यात मोठी मातृभाषा बंगाली, साधारण अठ्ठावीस टक्के. हॅवलॉकवरच्या गावांची नावं गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. हो, तेच ते 'टाइम'वालं राधानगर. नील बेटावर सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. एका बेटावर अख्खी गोकुळाष्टमी, दुसऱ्यावर अख्खं रामायण. आणि लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर लाटांनी कोरलेली खडकाची नैसर्गिक कमान आहे, ओहोटीला तिच्याखाली जाता येतं, तिला तिथली मंडळी काय म्हणतात? हावडा ब्रिज.

मी एजंटाला दोनदा विचारलं. हावडा ब्रिज. रवींद्र सेतूही म्हणतात, तो म्हणाला. खऱ्या हावडा ब्रिजचं सरकारी नाव १९६५ पासून रवींद्र सेतूच आहे, आणि कोलकात्यात ते नाव फक्त पाट्या रंगवणारे वापरतात. म्हणजे आत्या पुण्याहून विमानाने येणार, आमच्या घरी उतरणार, टॅक्सीने हावडा ब्रिज बघणार, पुन्हा विमान, पुन्हा बोट, आणि गुडघाभर पाण्यातून चपला हातात घेऊन जाऊन पुन्हा हावडा ब्रिज बघणार. एक्सेलमध्ये हे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ओळींत आहे. फोटो: हो. फोटो: हो.

ही नावं काही पर्यटन खात्याने ठेवलेली नाहीत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९४९ पासून कोलकात्याहून जहाजात घालून अंदमानला नेलं गेलं. ज्यांची गावं गेली त्यांना सरकारने बेटांवर जमीन दिली: काही सपाट, भातासाठी, काही डोंगराची. जमीन म्हणजे त्या वेळी जंगल. ते तोडायचं आधी, मग पेरायचं. कोलकात्यातल्या डाव्या पक्षांनी याला कडाडून विरोध केला होता, आपल्या माणसांना काळ्या पाण्यावर का पाठवता म्हणून. तरी पुष्कळ जण गेले. सियालदहच्या फलाटावर राहून झालं होतं, काळं पाणी त्यापुढे काय मोठं? त्यांनी गावांना देवांची नावं दिली, दगडाला पुलाचं नाव दिलं, आणि समुद्राकडे पाठ करून भात आणि भाजी लावली. नील बेट आज पोर्ट ब्लेअरला भाजी पुरवतं. तिथल्या आजोबांना विचारलं तर ते भेंडीबद्दल तासभर बोलतील. किनाऱ्यावर सूर्यास्ताला त्यांना कोणी पाहिलं असेल असं वाटत नाही. एका गोष्टीत तरी आमच्या वहिनी आणि ते एका विचाराचे निघतील.

कोलकात्याहून माणसं अंदमानला पाठवायचा धंदा त्याही आधीचा. पहिला बेत आखला ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सरकारने, आणि पाहणीला पाठवला आर्चिबाल्ड ब्लेअर, जो नोकरीला होता बॉम्बे मरीनमध्ये. (मुंबईच्या माणसाला कोलकात्याने कामाला लावल्याची ही पहिली नोंद असावी. आमच्याकडच्या बँकवाल्यांना बदली झाल्यावर हे सांगते, त्यांना बरं वाटतं.) १७८९ साली वसाहत झाली. तीन वर्षांत ती जागा बदलून उत्तरेला नेली, कारण दुसरं बंदर जास्त चांगलं वाटलं. तिथे माणसं तापाने पटापट मरायला लागली आणि १७९६ मध्ये सगळं गुंडाळलं. चांगली जागा सोडून आणखी चांगल्या जागेच्या मागे धावायचं आणि आजारी पडून परत यायचं, हा सात दिवसांच्या सहलीचा सगळा आराखडा तेव्हाच तयार झाला होता. आमचा आतेभाऊ पोर्ट ब्लेअरच्या तीन हॉटेलांची तुलना करतो आहे. समुद्र दिसणारी खोली, समुद्र थोडा दिसणारी खोली, आणि समुद्राची आवड असणाऱ्यांसाठी खोली.

दुसरा बेत १८५७ च्या उठावानंतरचा. डॉ. जे. पी. वॉकर दोनशे कैदी घेऊन कलकत्त्याहून निघाले आणि १० मार्च १८५८ रोजी पोर्ट ब्लेअरला उतरले. राहणं, जेवण, प्रवास, सगळं सरकारी. परतीचं तिकीट नव्हतं.

आज सरकारी खर्चाने जाणारे वेगळे. कोलकात्यात केंद्र सरकारची कार्यालयं पुष्कळ: जिऑलॉजिकल सर्व्हे, बोटॅनिकल सर्व्हे, झूऑलॉजिकल सर्व्हे, दोन-दोन रेल्वेंची मुख्यालयं. या सगळ्यांच्या टेबलांवर एलटीसी हा धर्मग्रंथ आहे. २०१४ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना अंदमानला विमानाने जायची खास सवलत आहे आणि तिची मुदत संपत आली की ती वाढते. दीघा, पुरी, दार्जिलिंग या तिन्ही गोष्टी बंगाली माणसाच्या जन्मतःच होऊन गेलेल्या असतात. चौथी म्हणजे अंदमान. लहानपणी सुनील गंगोपाध्यायांचे काकाबाबू तिथे जाऊन आलेले असतात, १९७९ च्या तपन सिन्हांच्या सिनेमात पोराटोरांनी ते बघितलेलं असतं. त्यामुळे एलटीसीचा अर्ज भरतानाच त्यांना घरी जातोय असं वाटतं.

शेजारच्या दादांना विमान मान्य नाही. त्यांच्या मते अंदमानला जहाजानेच जायचं, बाकी सगळा खोटेपणा. खिदिरपूर गोदीत सकाळपासून ट्रंका घेऊन बसायचं. गोदीचं पाणी दारं लावून कोंडलेलं असतं, भरती आल्याशिवाय जहाज बाहेर निघत नाही. मग हुगळी. हुगळीत वाळूचे दांडे सारखे जागा बदलतात, म्हणून नदीचा वाटाड्या चढतो आणि जहाज चिखलाच्या रंगाच्या पाण्यातून हळूहळू खाली जातं; समुद्र निळा व्हायला दुसरा दिवस उजाडतो. पहिल्या वर्गात केबिन, खाली बंक, बेटवासीयांना तिकीट स्वस्त, आपल्याला महाग. दादा हे सगळं डोळे मिटून सांगतात. बौदी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पलीकडून म्हणाल्या, त्यांना बोट लागते. हुगळीतच लागते. लग्नानंतर गंगापार बेलूरला गेलो होतो तेव्हाही लागली होती. दादांनी डोळे उघडले नाहीत. "समुद्र तो पालिये जाबे ना," समुद्र काही पळून जात नाही, म्हणाले. माझ्या मते अंदमानच्या सगळ्या नियोजनात एवढं शहाणं वाक्य दुसऱ्या कोणी बोललेलं नाही.

सेल्युलर जेलबद्दल मात्र थट्टा जरा बाजूला. १८९६ ते १९०६ बांधकाम, सात बाजू, आज तीन उभ्या. तिथे मराठी आणि बंगाली माणसाने एकत्र जाऊ नये. मराठी माणूस सरळ सावरकरांच्या कोठडीकडे जातो, १९११ ते १९२१. बंगाली माणूस नावांच्या संगमरवरी पाट्यांपुढे उभा राहतो आणि बोट फिरवत वाचू लागतो: बारींद्र घोष, उल्लासकर दत्त, हेमचंद्र, उपेंद्रनाथ... अलीपूर बॉम्ब खटल्यातली ही मंडळी सावरकरांच्या आधी, १९०९ मध्ये तिथे पोचली होती. पाटी संपत नाही. सगळी घोष, दत्त, सेन, चक्रवर्ती. मराठी माणूस खाली येतो तोवर बंगाली 'क'पर्यंत पोचलेला असतो. मग दोघे एकमेकांकडे बघतात आणि मोजणी सुरू होते. आमच्याकडे हा सामना दिवाणखान्यातच खेळला जातो, अंदमानला न जाता, दर वर्षी.

सरकारनेही वाटणी करून ठेवली आहे. विमानतळ आम्हाला: २००२ पासून वीर सावरकर. रॉस बेट त्यांना: २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, कारण नेताजींनी डिसेंबर १९४३ मध्ये पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकावला होता. रॉसबरोबरच हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्रीविजयपुरम. तिकिटावर एक नाव, बोटीवर दुसरं, एजंटाच्या तोंडी तिसरं. पुण्याची मंडळी गोंधळली आहेत. आतेभावाने श्रीविजयपुरम आणि पोर्ट ब्लेअर या दोन वेगळ्या जागा समजून दोन्हीकडे एकेक रात्र ठेवली होती. कोलकात्याच्या माणसाला याचं काही वाटत नाही. इथे हॅरिसन रोडचा महात्मा गांधी रोड होऊन किती वर्षं झाली, तरी जुने दुकानदार पत्ता हॅरिसन रोडचाच सांगतात.

आता त्या पिवळ्या चौकटीकडे वळू. राधानगर, ५.३० ते ६.१५, सूर्यास्त. हा सूर्यास्त पुण्याचा आहे. डिसेंबरात पुण्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून आतेभावाने अंदमानलाही त्याला तेवढाच वेळ दिला. पण देशभर घड्याळ एकच, आणि अंदमान पुण्याच्या कितीतरी पूर्वेला. तिथे डिसेंबरात सूर्य पाचच्या आसपासच बुडतो. साडेपाचला ही मंडळी किनाऱ्यावर पोचतील तेव्हा झाकोळलेल्या वाळूत फक्त शिट्टी वाजवणारा जीवरक्षक आणि परत निघालेल्या गाड्यांचे दिवे असतील. चहा मात्र मिळेल. आणि थंडीत पाचच्या आसपासच सूर्य कुठे मावळतो, माहीत आहे? कोलकात्याला. प्रभाग १४५, म्हटलं ना.

मी त्याला हे कळवलं. त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि राधानगर काढूनच टाकलं.

राहिलं बाराटांग. एक्सेलमध्ये ते पहाटे साडेतीनला सुरू होतं, कारण जिरकटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते आणि तिथून पोलिसांच्या पहाऱ्यात गाड्यांचा तांडा एकदम सुटतो. रस्ता जातो जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून. थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही. हे सगळं कायद्यात आहे, शिक्षा तुरुंगाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली जंगलातून जाणारा हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. तरी तांडे निघत राहिले. कशासाठी? नावाला चुनखडीच्या गुहा. गुहा बघायला आमच्या ग्रुपवर एकाचीही तयारी नव्हती, अजंठा चाळीस वर्षं राहून गेलेली माणसं आहेत ही. पण एजंटाने पाठकोऱ्या कागदावर रस्ता काढत आवाज खाली आणला आणि म्हणाला, नशीब असेल तर दिसतील. ग्रुपवर ते टाकलं आणि एकदम सगळे जागे. "दिसतात का खरंच?" "कपडे घालतात का?" सात जणांचे अंगठे. जी माणसं लोकलमध्ये कोणी आपल्याकडे टक लावून बघितलं तर चार पिढ्यांचा उद्धार करतात, ती पहाटे साडेतीनला उठून दुसऱ्याच्या घरातून गाडी घेऊन जायला तयार, नशीब असेल तर दिसतील म्हणून. मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचं मुख्यालय कोलकात्यातच आहे, इंडियन म्युझियमच्या आवारात. माणूस या प्राण्याचा फारच अभ्यास करायचा असेल तर मी आमच्या ग्रुपचा स्क्रीनशॉट नेऊन द्यायला तयार आहे.

मी लिहिलं, बाराटांगला मी येणार नाही, आणि कोणी जाऊ नये असं मला वाटतं. उत्तर आलं: "तुझं तर तिथे नेहमीचंच असेल, आमचं एकदाच होणार."

बेट हवं आहे, पण एवढा खर्च नको, अशीही एक शाखा घरात आहे. त्यांच्यासाठी सागर. कर्कवृत्त कोलकात्याच्या उत्तरेला नदियातून जातं, तेव्हा सागर हे कागदोपत्री पक्कं उष्णकटिबंधातलं बेट आहे, किनारा आहे, कपिलमुनींचं देऊळ आहे, आणि समुद्राने आधीची देवळं गिळल्यामुळे हे देऊळ नवं आहे. काकद्वीपपर्यंत गाडी, लॉट आठवरून मुडीगंगा ओलांडायची, पलीकडे कचुबेडिया. ओहोटीला गाळामुळे फेरी बंद होते आणि माणसं धक्क्यावर मुडी, म्हणजे कुरमुरे, खात बसतात. नाइलाजाने का होईना, पाण्याकडे बघत दोन-तीन तास काहीच न करणारा पर्यटक मी फक्त तिथेच बघितला आहे. शेजारचं घोडामारा बेट वर्षागणिक झिजतं आहे, लोहाचरा तर पाण्याखालीच गेलं. तिथल्या लोकांनी आधी घर हलवलं, मग गाव, मग सागरवर येऊन राहिले. इकडच्या बेटांच्या बाबतीत 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणण्यात धोका आहे.

सामानाचंही ठरलं आहे. आत्या भाजणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि कोकमं आणणार, कारण बेटावर काय मिळेल कोणी सांगावं. नारळ मिळेल, मी म्हटलं. ती म्हणाली, खोवलेला मिळेल का? बौदींनी दादांसाठी जेलुसिल, मुडी आणि माकडटोपी काढून ठेवली आहे. पोर्ट ब्लेअरला थंडी नसते, असं मी सांगून पाहिलं. बोटीवर वारा असतो, त्या म्हणाल्या. हो, दादा-बौदीही येताहेत आता. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात एका कार्यक्रमानंतर वहिनींनी पोह्यांच्या बशा हातात घेऊनच विषय काढला आणि आणखी दोन कुटुंबं जोडली गेली. सहल कसली, आता मंडळ झालं आहे.

बुकिंगबद्दल फुकटचा सल्ला: दुर्गापूजेत जाऊ नका. पंडालच्या गर्दीला, ढाकाला आणि रस्त्यांवरच्या बांबूंना कंटाळून पूजेच्या सुटीत अर्धं कोलकाता अंदमानला पळतं, आणि तिथे उतरल्यावर पहिलं काय दिसतं तर पंडाल. पोर्ट ब्लेअरला पूजा जोरात होते. व्हायचीच, माणसं कुठली आहेत!

आम्ही जानेवारी धरला आहे. आमच्या दोघांची तिकिटं मी वेगळी काढली. पोर्ट ब्लेअरला जेल, मग थेट नील, तिथे जितके दिवस मिळतील तितके. भरती-ओहोटीच्या वेळा एजंटाने फोनवरून लिहून दिल्या आहेत, त्यापलीकडे कागदावर काही नाही. आतेभावाने मोठ्या मनाने आमच्यासाठी त्याच फाइलमध्ये वेगळं पान उघडलं, आणि नीलच्या दिवसांच्या चौकटी तशाच रिकाम्या राहिल्या म्हणून त्या लाल रंगवून ठेवल्या आहेत. रोज सकाळी तो तिथे काहीतरी सुचवतो. परवा स्कूबा होता, काल काचेच्या तळाची बोट. आज लिहिलं आहे, "नील बेटावर सेंद्रिय भाजी चांगली मिळते म्हणतात, मंडई किती वाजता उघडते?"